मशीनच्या खोलीचं तापमान

१० ऑक्टोबर २०११, मलकापूर

ही डायरी एका बियाण्याच्या कंपनीनं जानेवारीत फुकट वाटली होती. दर पानाच्या तळाशी छातीएवढी कपाशी आणि तिच्यात उभा हसरा शेतकरी. इतके महिने रेडिओच्या सुट्या भागांखाली पडून होती. आज काढली. दुकानात बोलायला कुणी नाही, आणि माणूस एकटाच बोलायला लागला की गिऱ्हाईक दारातून परत जातं. घरची बोली वेगळी असली तरी नगरपरिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, त्यामुळे लिहिणारा हात मराठीचाच.

पाटीवर अजून ‘रहेमत रेडिओ’ आहे. रेडिओ आता कुणी आणत नाही. मागच्या खोलीत सर्व्हर आहे. रोज सकाळी मी जिनिंगवाल्यांना, म्हणजे कापूस विकत घेऊन सरकी काढणाऱ्या कारखान्यांना, फोन करून कापसाचा भाव विचारतो आणि मशीनमध्ये भरतो. मोताळ्याकडच्या आणि नांदुऱ्याकडच्या गावांत किराणा दुकानातून नाहीतर पानठेल्यातून एकेक कॉम्प्युटर बसवलाय, तिथं शेतकरी भावाचं पान उघडून पाहतात. भाव पाहून गाडी भरायची की नाही ते ठरवतात. धंदा माझ्या डोक्यातला, मशीनची अक्कल समीनाची. माझी मुलगी.

तिनंच दुसरं एक पान केलं, मशीनच्या तब्येतीचं. मशीनवर ताण किती, बॅटरी किती उरली, खोलीचं तापमान काय, कुठल्या गावातून किती जण भाव विचारतायत त्याची गाववार रेघ. हे पान तिनं सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. म्हणाली, ‘अब्बा, गावातल्या माणसाला भाव दिसला नाही तर त्याला कळायला पाहिजे की बिघाड त्याच्याकडे आहे की आपल्याकडे.’

मला रेघा पाहत बसायला आवडत नाही. माझं काम कानाचं. आयुष्यभर खरखर ऐकून दोष सांगितला. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक गंमत केली. जुन्या रेडिओचा स्पीकर मशीनला जोडला. कुणी भावाचं पान उघडलं की ‘टक’, ताटलीत ज्वारीचा दाणा पडावा तसं. तब्येतीचं पान उघडलं की ‘टुंग’, सायकलच्या घंटीसारखं. ते पान तेव्हा फक्त समीनाच उघडायची. मी पुढे बसलेलो असायचो आणि मागून टुंग वाजलं की कळायचं, पोरगी कामावर आहे.

जूनमध्ये ती पुण्याला गेली. एका मोठ्या कंपनीत नोकरी, तीही मशीनंच सांभाळायची. मी म्हटलं, स्वतःचं मशीन सोडून लोकांची कशाला? म्हणाली, ‘इथं एक आहे, तिथं खोल्याच्या खोल्या भरल्यात.’ मी म्हटलं, जा. पण तिकडून रोज फोन करून मला चुचकारायचं नाही. ती नाही करत. शब्दाची पक्की आहे. चांगलंच आहे.

१४ ऑक्टोबर

मागच्या खोलीतला बाहेर हवा फेकणारा पंखा सकाळी बंद पडला. बेअरिंगचा घरघर आवाज दोन दिवस येत होता, मीच आळस केला. दुपारी डबा घेऊन बेबीताई आल्या. शेजारी त्यांची खानावळ आहे. माझी बायको फातिमा वारली तेव्हापासून माझं जेवण तिथूनच येतं. डबा ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “रहेमतभाऊ, तुमच्या मांगच्या खोलीतला पंखा बंद हाय का?”

“तुम्हाले कसं समजलं?”

“समजलं. भिंत गरम लागली.”

मी उठलो नाही तशा त्याच पुढे म्हणाल्या, “मंग माणूस बोलवा ना लवकर! मशीन जळून गेल्यावर बोलवान का?”

संध्याकाळी पंखा दुरुस्त झाल्यावर मी सहज खानावळीच्या बाजूनं भिंतीला हात लावून पाहिला. जाड दगडी भिंत, थंडगार. भट्टीजवळ वावरून बाईच्या हाताला ऊब लवकर कळत असेल. काही माणसांना अशी देणगी असते. मला कानाची आहे.

२७ ऑक्टोबर

दिवाळीत बाजार बंद, मशीन चालू. टकटक मंद आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. टुंग अजून वाजतं. समीना गेल्यावर काही दिवस मी लक्ष दिलं नाही. इंटरनेटवर कंपन्यांची यंत्रं सगळीकडे डोकावत फिरतात असं तीच म्हणायची. पण ती यंत्रं केव्हाही येतात, हा वेळ पाळतो. मी डबा उघडतो त्या सुमारास एक टुंग. एकच. शांत. कुणी दारातून डोकावून, सगळं जागेवर आहे ना पाहून, पुढे निघून जावं तसं.

या महिन्यात संध्याकाळचंही टुंग सुरू झालं. ते मात्र उतावळं. टुंग, टुंग, टुंग, थांबून पुन्हा टुंग.

कुणीतरी पाळत ठेवून आहे. खामगावचा एक जण असाच धंदा काढणार असं कानावर आलंय. तोच असणार. पाहू दे. मशीन पाहून कुणाला गिऱ्हाईक मिळत नाही.

७ नोव्हेंबर

बकरीद. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, चार घरी शीरखुर्मा आणि गोश्त झालं. सगळ्यांनी विचारलं, समीना नाही आली? मी म्हटलं, मोठ्या कामावर आहे, सुट्टी नाही. तौसिफ, माझ्या साडूचा मुलगा, म्हणाला, “खालू, फोन तो लगाओ.” मी म्हटलं, तिला काम करू दे.

घरी करमेना म्हणून शटर अर्धं उचलून दुकानात येऊन बसलो. म्हटलं, मशीन पाहून जाऊ. मशीनला काय झालंय? बरं चाललंय. तरी बसलो.

समीना लहान असताना शाळा सुटली की इथंच यायची. दुपारी मी शटर अर्धं पाडून आडवा होत असे. ती बोटाच्या पेरानं पत्र्यावर वाजवायची, टक-टक, मग थांबून टक. वाकून सहज आत येता आलं असतं. पण नाही. मी आतून ‘उघडंच हाय’ म्हटल्याशिवाय यायची नाही. कुठून शिकली देव जाणे.

दुपारी टुंग वाजलं. या चोराला ईदचीही सुट्टी नाही.

१२ नोव्हेंबर

वामनराव आले होते. मोताळ्याकडच्या गावात त्यांची काळी जमीन आहे, आणि आमचा तिथला कॉम्प्युटर त्यांच्याच ओट्यावर असतो. माणूस थट्टेखोर, पण आज खुर्चीवर बसलेच नाहीत.

“रहेमतभाई, तुमच्या मशीननं आमचा घात केला.”

“काय झालं?”

“या वर्सी लाल्या रोगानं कपाशीचा पाला जळून गेला. जे हाय ते समदं एकदमच फुटलं. हे बीटी बियाणं असंच, समद्या गावाचा कापूस एकाच आठवड्यात पांढरा. घरात ठेवाले जागा नाही, पोरं त्याच्यावरच झोपतात अन् रातभर अंग खाजवतात. बरोबर?”

“बरोबर.”

“आम्ही सांजच्याले तुमच्या पानावर भाव पाह्यतो. बरा दिसला तर गाड्या भरतो. सकाळी जिनात पोचलो का भाव खाली. ज्या दिवशी आम्ही नाही गेलो, त्या दिवशी भाव जागेवर. चारदा झालं असं. आम्ही येऊन राह्यलो हे त्या जिनवाल्याले आमच्या आधी कोण सांगते?”

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, “तुमच्या गावात फितूर असेल एखादा.”

“हाव, हाय ना,” ते म्हणाले. “माह्या ओट्यावरच बसून राह्यते. त्याच्या तोंडाले काच हाय.”

ते गेल्यावर मी तब्येतीचं पान उघडलं. कालची गाववार रेघ पाहिली. वामनरावांच्या गावाची रेघ संध्याकाळी उभी चढलेली, खेड्यातल्या देवळाच्या कळसासारखी. आणि हे पान साऱ्या जगाला खुलं, उद्या कुठल्या गावचा कापूस येणार ते कुणीही वाचावं.

मग ते उतावळं टुंग आठवलं.

१५ नोव्हेंबर

उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही, म्हणून वामनरावांना एक युक्ती सांगितली होती. काल त्यांच्या गावातल्या मंडळींनी दिवसभर आळीपाळीनं भावाचं पान उघडायचं, आणि आज गाडी एकही न्यायची नाही.

काल मागच्या खोलीत टकटकीचा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. संध्याकाळी टुंग, टुंग, टुंग.

आज सकाळी, वामनरावांच्या गाड्या जातात त्या उत्तमरावांच्या जिनिंगसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. उत्तमराव मला रोज भाव सांगतात, चहा पाजतात, ‘रहेमतभाई, तुमच्यामुळे शेतकऱ्याचं भलं होऊन राह्यलं’ असं चारचौघांत म्हणतात. त्यांचा मुनीम फाटकात उभा राहून फोनवर बोलत होता. माणसाला वाटतं रस्ता ओलांडला की आवाज संपतो. माझ्या बाबतीत नाही संपत.

“मोताळा लाइन भरून येऊन राह्यली आज. शेठनं सांगतलं, भाव खाली सांगजो. हमाल वाढव दोन.”

जादा हमाल आले. वजनकाटा झाडून ठेवला. उन्हं वर आली, रस्ता मोकळा. खुद्द उत्तमराव बाहेर येऊन, डोळ्यांवर हात धरून मोताळ्याच्या दिशेनं पाहत उभे राहिले. मी हॉटेलात दिसलो तसे सरळ माझ्याकडे आले.

“काय हो रहेमतभाई, तुमचं मशीन बिघडलं का?”

“नाही बा. काऊन?”

“काही नाही, काही नाही. चहा घेतला का?”

दोन घेतले. दोन्ही त्यांच्या खात्यावर.

हॉटेलातून निघालो तेव्हा हसत होतो. दुकानात पोचेपर्यंत हसू गेलं. पान उघडं ठेवणारा मीच. समीनाला दोष नाही, तिनं भल्यासाठी ठेवलं. पोरीला मशीनची अक्कल आहे, बाजाराची मला होती. मला ऐकू येत होतं, आणि मी खामगावच्या माणसावर खापर फोडत बसलो.

१६ नोव्हेंबर

पानाला कुलूप घातलं. आता पासवर्ड टाकल्याशिवाय काही दिसत नाही, आणि तो फक्त मला माहीत. कुलूप लावायचं समीनानंच शिकवून ठेवलं होतं. ‘अब्बा, कधी ना कधी लागेल.’ लागलं.

स्पीकरमध्येही बदल केला. कुणी कुलपावर आपटलं तर ‘भद्द’ वाजतं.

दुपारी डबा उघडला आणि भद्द. थोड्या वेळानं पुन्हा भद्द. मग काही नाही.

संध्याकाळी तर भद्द-भद्दचा ढोल. मला फार बरं वाटलं. वामनरावांना फोन करून ऐकवला. म्हणाले, “वाजवू द्या साल्यायले! दरवाजा मजबूत हाय ना?”

१७ नोव्हेंबर

दुपारी नेहमीच्या वेळी काहीच वाजलं नाही. जेवण लवकर आटोपलं. वांग्याची भाजी होती, बेबीताईंनी आज मीठ कमी टाकलं असावं.

दुकानातला फोन वाजला. “हॅलो, रहेमत रेडिओ.” पलीकडून कुणी बोलेना. मी पुन्हा म्हटलं, “हॅलो, रहेमत बोलतोय, बोला ना.” पलीकडून लांब श्वास सोडल्यासारखं झालं, आणि फोन ठेवला गेला. राँग नंबर. लोकांना माफी मागायचीही शुद्ध नसते.

त्यानंतर बेबीताई आल्या. डबा तर केव्हाच देऊन गेल्या होत्या. हात पुसत दारात उभ्या.

“तब्येत बरी हाय ना, रहेमतभाऊ?”

“बरी हाय. काऊन?”

“डोळे लाल दिसून राह्यले. रातच्याले झोप लागते ना? छातीत काही दुखते का?”

“बेबीताई, तुमच्या भाजीत मीठ नव्हतं, बाकी मले काही झालं नाही.”

“मीठ बरोबर होतं,” त्या म्हणाल्या, आणि उगाच मागच्या खोलीत डोकावून गेल्या.

१९ नोव्हेंबर

उत्तमरावांचा भाव दोन दिवस हललेला नाही. वामनरावांच्या गावातून काल गाड्या गेल्या आणि ओट्यावर दिसलेल्या भावातच काटा झाला. वामनरावांनी शेंगांची चटणी पाठवली. उत्तमराव आता चहा विचारत नाहीत. एवढी मिळकत पुष्कळ झाली.

मग खूश का नाही? दुपारी हात जेवणावर आणि कान मागच्या खोलीत. पाळत ठेवणारा गेला तर बरं वाटायला पाहिजे. उलट कुणीतरी न सांगता गाव सोडून गेल्यासारखं वाटतं. चोराची सवय लागते की काय माणसाला? एकट्या माणसाचं काही खरं नाही.

फोन पुन्हा आला. पुन्हा मुका. आज मी लगेच ठेवला नाही. गप्प राहून ऐकलं.

बाई की पुरुष ते कळेना, पण खोली ऐकू आली. घर नाही, रस्ता नाही. पंख्यांचा आवाज, पण छताच्या पंख्यांचा नाही. बारीक, एका सुरातला, न थांबणारा, आणि एकामागे एक असा पुष्कळांचा. माझ्या मागच्या खोलीत तोच सूर आहे, एकट्याचा. तिथं खोल्याच्या खोल्या भरलेल्या होत्या.

फोन ठेवला गेल्यावरही मी रिसीव्हर कानालाच धरून बसलो होतो. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, इस्त्री दुरुस्त करायची होती. त्याला म्हटलं, उद्या ये.

२० नोव्हेंबर

रविवार. बेबीताई डबा घेऊन आल्या, त्यांना बसवलं.

“एक विचारू का?”

“विचारा ना.”

“आता मी त्या पानाले कुलूप घातलं. समजा उद्या पंखा बंद पडला, तर तुमची भिंत गरम होईल का?”

त्यांनी आधी पदराला हात पुसले, मग खुर्चीच्या दांडीला. “मले काय माहीत, बाप्पा. मी साधी पोळ्या लाटणारी.”

“ते पान तर मोताळ्यात दिसते, मुंबईत दिसते, पुण्यातही दिसत असेल.”

“दिसत असेल,” त्या म्हणाल्या. मग एकदम चिडल्या. “मले शप्पथ घातली हाय, रहेमतभाऊ! तुम्ही मले विचारू नका. तुम्ही दोघं बापलेक येडे, अन् मधात माह्या जिवाले घोर. ती म्हणे, मावशी, कुलूप काऊन लावलं? माह्यासाठीच लावलं का? अब्बा रागावले का? मी काय सांगू तिले?”

“काय सांगतलं?”

“सांगतलं, जेवून राह्यले. मीठ कमी म्हणून राह्यले.”

मी म्हटलं, “मीठ बरोबर होतं.”

त्या डबा तिथंच टाकून डोळे पुसत गेल्या. रविवारी खानावळीत गर्दी असते.

मी जेवलो. मग रेडिओचं एक जुनं खोकं उघडून साफ करत बसलो. त्यात काही बिघाड नव्हता.

२१ नोव्हेंबर

अख्खा दिवस मशीनपुढे बसलो. कुलूप काढता येत नाही. काढलं की उद्याच उत्तमराव मोताळ्याकडे डोळे लावून बसणार. वामनरावांचा कापूस अजून घरातच आहे, दुसरी वेचणी बाकी. त्यांच्या गळ्यावर पाय ठेवून मला माझं सुख नको.

फोनही करता येतो. नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, तिच्याच अक्षरात. दोनदा रिसीव्हर उचलला. बोलायचं काय? ‘फोन करू नको’ हे सांगणाराच मी. मग विचारायचं काय, फोन काऊन नाही केला?

शेवटी पानाचे दोन तुकडे केले. गाववार रेघा, ताण, सगळा हिशोब कुलपात. बाहेर एक नवं पान, खुलं, कुणीही पाहा. त्यावर दोनच गोष्टी. मशीन चालू आहे की नाही. आणि मागच्या खोलीचं तापमान. उत्तमरावांनी जन्मभर पाहिलं तरी त्यातून त्यांना कापसाचं बोंडही दिसणार नाही.

पत्ता जुनाच ठेवला. टुंगही जुनंच.

सकाळी मी आल्यावर खोलीचं दार उघडतो तेव्हा ती रेघ जरा खाली येते. दुपारी स्टुलावर बसून आत जेवलो तर जरा वर जाते. संध्याकाळी मी गेलो की स्थिर होते. पाहत गेलं तर दुकानातल्या माणसाचा अख्खा दिवस त्या रेघेत आहे. हे मला आज दिसलं. जूनपासून कुणाला दिसत होतं ते लिहायची गरज नाही.

२२ नोव्हेंबर

दुपारी टुंग वाजलं नाही.

बरोबरच आहे. एकदा कुलपावर आपटलेलं माणूस पुन्हा कशाला येईल? बेबीताईंना निरोप द्यायला सांगता आलं असतं, पण त्यांना शपथ आहे, एकदा मी ती मोडायला लावली, पुन्हा त्यांना अडकवणार नाही.

वामनराव येऊन गेले. म्हणाले, “चोर पकडला, भाव टिकला, अन् तुमचं तोंड असं काऊन, वांगं करपल्यासारखं?” मी म्हटलं, थंडी पडली. म्हणाले, “हाव, मशीनले पांघरूण घाला.”

२३ नोव्हेंबर

सकाळी कामं उरकली. भाव भरला. मग मागच्या खोलीत गेलो, पंखा बंद केला, दार लावून घेतलं आणि आतच बसलो. खोली तापत गेली. रेघ चढत गेली. ज्या मशीनला आयुष्यभर थंड ठेवायचं, त्याला मी मुद्दाम तापवलं. मग पंखा लावला, रेघ उतरली. पुन्हा बंद केला, पुन्हा चढवली. पानावर दोन उंचवटे दिसू लागले, उंटाच्या पाठीसारखे. मग बराच वेळ थांबलो, आणि तिसरा काढला.

वेडेपणाच. बनियन घामानं भिजलं. कुणी पाहिलं असतं तर रहेमतचं डोकं फिरलं म्हणून बाजारभर झालं असतं.

पुढे येऊन बसलो. डबा आला. बेबीताई डबा ठेवून गेल्या नाहीत. दारात उभ्या राहून रस्ता पाहत होत्या, रस्त्यावर काही नसताना. मी डब्याचं झाकण काढलं नाही. मागून भावाची टकटक चालू होती, कुठलंतरी गाव विचारत होतं, मशीन सांगत होतं.

मग टुंग-टुंग.

टकटकही थांबल्यासारखी झाली. बेबीताईंनी मान वळवली.

टुंग.

माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, “उघडंच हाय.”